पावसाळ्यात तबलजी काय करतो?

जत्रेला मुंबईहून आलेली माथाडीतली मंडळी भजन संपलं की हटकून विचारतात, "तबल्यावर एवढा हात चालतोय, तर इथं कशाला राहता? पुण्याला जा की. आणि पावसाळ्यात तर इथं कामच नसतं, तेव्हा काय करता?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो, पण दुसऱ्या प्रश्नापासून.

आमची वाडी कोयनानगरच्या वर, नवजाच्या अंगाला. वर्षाला 5,000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. तुळशीच्या लग्नापासून वैशाखातल्या जत्रांपर्यंत मी बाहेरच असतो: लग्नं, हरिनाम सप्ताह, माघात दासनवमीला सज्जनगड. कमाई तेवढ्यातच. पुढं गणपतीपर्यंत सुपारी नाही.

काम मात्र असतं, आणि ते तबल्याचं असतं. पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं मढवण, बकऱ्याच्या कातड्याची. ती ओल धरते, सैल पडते, काळी एक या सुराला लावलेला तबला बघता बघता उतरतो. मग हातोडीनं गठ्ठे, म्हणजे बाजूच्या पट्ट्यांत अडकवलेले लाकडी ठोकळे, खाली ठोकायचे, गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, हलके घाव घालत तिचं एकेक घर सुरात मिळवायचं. खरी गोम पुढंच आहे. ओल्या पुडीवर चढवलेला ताण तसाच ठेवला आणि मध्येच उघडीप मिळाली, की कातडं सुकून आक्रसतं आणि फाटतं. म्हणून वाजवून झालं की गठ्ठे वर सरकवून ताण उतरवायचा. रोज. कितीही रात्र झाली तरी. तबला ठेवायला लाकडी पेटी, आत पिवळा बल्ब. वीज गेली की पेटी चुलीवरच्या माळ्यावर जाते. आगीशी धरून मात्र शेकायचा नाही, पुडीवरची काळी शाई तडकते. एवढं करूनही पुडी गेलीच, तर कराडहून गाडी धरून मिरज. सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेच गाव, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं. तिथल्या कारागिराच्या हाताला तोड नाही.

आता पुण्याचं. पुण्यात माझ्याहून चांगले तबलजी गल्लोगल्ली आहेत. इथं श्रावणात घाटात दरड आली की बाहेरून कोणी येऊ शकत नाही, आणि देवळातलं भजन तर चुकवायचं नसतं. देवळावर पत्रा आहे. पाऊस धरला की गाणाऱ्याला शेजारच्या बाजाच्या पेटीचा सूर ऐकू येत नाही, झांजा तेवढ्या कळतात. तेव्हा म्हातारी माणसं माझ्या हाताकडं बघून गातात. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठं येतेय ते बोटांवरून ओळखतात आणि सगळे एका दमात समेवर येतात. असं वाजवणं मला दुसरीकडं कुठंच मिळालेलं नाही, म्हणून मी इथं आहे.

भातलावणी उरकली की पोरं शिकायला येतात. धुमाळी आणि केरवा हे ताल त्यातल्या दोघांच्या हातात आता नीट बसलेत. यंदा गणपतीत खालच्या वाडीचं भजन त्यांच्याकडंच सोपवायचं ठरवलंय.