पंचवीस वर्षांची व्हिस्की आणि पंधरा मिनिटांचा धीर

ग्लेनफार्क्लास डिस्टिलरीची २५ वर्षे मुरलेली सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, केवळ मोड आणलेल्या सातूपासून बनलेली व्हिस्की) ग्लासात ओतल्यावर मी पहिली पंधरा-वीस मिनिटे तिला ओठ लावत नाही. तोंडाशी निमुळत्या होत गेलेल्या त्या ग्लासातून आधी मनुकांचा आणि जुन्या लाकडी कपाटाचा वास येतो. मग हळूहळू त्याच्यामागून संत्र्याची साल, अक्रोड आणि चामड्याची पुसटशी झाक वर येते, आणि मला खरी ओढ असते ती या मागाहून येणाऱ्या वासांचीच.

स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातील ही डिस्टिलरी मुख्यत्वे शेरी या स्पॅनिश वाइनची ओकची पिंपे वापरते आणि ती मातीच्या जमिनीच्या, जाड दगडी भिंतींच्या बैठ्या गोदामांत ठेवते. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत दरवर्षी साधारण २ टक्के मद्य लाकडातून उडून जाते, ज्याला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात; या हिशेबाने २५ वर्षांत पिंपातील जवळपास ४० टक्के ऐवज नाहीसा होतो. उरलेल्या मद्यात ओकमधील व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन आणि तुरटपणा देणारे टॅनिन उतरत राहतात, कोवळ्या मद्याचा उग्रपणा मावळतो, आणि अल्कोहोलचे प्रमाणही घटत जाते. ते ४० टक्क्यांच्या खाली गेले, तर कायद्याने त्याला स्कॉच म्हणताच येत नाही, त्यामुळे जुन्या पिंपांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते.

म्हणूनच नुसत्या वयावर माझा विश्वास नाही. तिशी ओलांडलेली एक व्हिस्की मी चाखली होती, तिच्यात लाकडाने सातूचा मागमूसही ठेवला नव्हता आणि जिभेवर फार उकळलेल्या चहासारखा तुरटपणा तेवढा उरला होता. पिंप नेमके कधी रिकामे करायचे हे ओळखणाऱ्या माणसाचे कसब मला त्या आकड्याहून मोठे वाटते. (गडद रंगावरूनही वयाचा अंदाज बांधू नये, स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग मिसळण्यास कायद्याने परवानगी आहे.)

पाणी मी थेंबाने घालतो. दहा-बारा वर्षांची, जोमदार माल्ट चमचाभर पाणी सहज पेलते. जुनीची वीण मात्र नाजूक असते, आणि एक थेंब जास्त झाला तरी ती उसवल्यासारखी वाटते. छोटा घोट जिभेवर घोळवून गिळल्यावर सुकामेव्याची गोडी आधी ओसरते, मग ओकचा मंद कडवटपणा कितीतरी वेळ घशाशी रेंगाळतो. तो ग्लास मी रात्री धूत नाही, कारण सकाळी त्याच्या तळाशी मध आणि कोरड्या लाकडाचा वास अजून शिल्लक असतो.