रिलीज-शो कव्हर: पिवळ्या ठिपक्यांनी घातलेला घोळ

मंडळी, निकाल लागला. पण सुटका झाली नाही, गुंता वाढलाय.

मागच्या वेळची लाल लोगोवाली सेव्हन-इंच (सात इंची छोटी रेकॉर्ड) आठवत असेलच. तिचं कव्हर खरं की नक्कल, हा प्रश्न होता. 2005 च्या उन्हाळ्यातला रिलीज शो, म्हणजे रेकॉर्ड पहिल्यांदा विकायला ठेवली तो कार्यक्रम, शंभराच्या आत प्रती, रंगीत फोटोकॉपीचं कव्हर, मागे मार्करने घातलेला नंबर. बँडचं नाव आजही घेणार नाही. नाव घेतलं की डिस्कॉग्जवर, रेकॉर्डच्या त्या ऑनलाइन बाजारात, भाव कसा चढतो ते आपण पाहिलंय.

दुखणं असं की या प्रकारात दुर्मिळ असतं ते कव्हर. आतली तबकडी पहिल्या प्रेसचीच, म्हणजे पहिल्या खेपेत काढलेली. डेड वॅक्समधलं (लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यातलं) कोरीव काम तेच, लेबल तेच, रंगही तोच. छापखान्याकडून कव्हरं वेळेत आली नाहीत म्हणून कुणीतरी शोच्या आदल्या रात्री कागद कापून घड्या घातल्या, एवढाच काय तो फरक. जज या हार्डकोर बँडच्या 'चंग किंग'ची गोष्ट वेगळी. चंग किंग स्टुडिओतलं रेकॉर्डिंग बँडला पटलं नाही, सगळं पुन्हा रेकॉर्ड केलं, आणि रेव्हलेशन या रेकॉर्ड कंपनीने 1989 मध्ये आधीच्या रेकॉर्डिंगच्या 110 प्रती पांढऱ्या व्हायनलवर काढल्या. तिची नक्कल करायची तर प्रेसिंग प्लांट गाठावा लागतो. आमच्या या कव्हरची नक्कल करायला एक झेरॉक्स मशीन आणि कात्री पुरते.

म्हणून विकणाऱ्याच्या 'माझ्या भावाने शोलाच घेतली होती' या वाक्यावर मी काडीचाही विश्वास ठेवला नाही. भिंग काढलं. (यूएसबी मायक्रोस्कोपच्या नादी लागू नका. पडद्यावर चित्र नाचत राहतं आणि फोकस करेपर्यंत हात भरून येतो. दिवा असलेलं साठपट स्वस्त भिंग बरं.) अक्षरांच्या कडेला टोनरची भुकटी उडालेली दिसली, शाई कागदात पसरलेली नव्हती. म्हणजे इंकजेट नाही, रंगीत लेझर. इथवर ठीक. पण लेझर 2005 मध्येही होता आणि आजही आहे.

मग निळ्या एलईडीची कल्पना सुचली. अनेक रंगीत लेझर मशीनं प्रत्येक पानावर बारीक पिवळे ठिपके छापतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने 2005 मध्ये झेरॉक्सच्या डॉक्युकलर मशीनचा नमुना उलगडला: पंधरा उभ्या आणि आठ आडव्या रांगांची जाळी, पानभर पुन्हा पुन्हा छापलेली. तिच्यात छपाईची तारीख, वेळ आणि मशीनचा क्रमांक. एकेक उभी रांग म्हणजे एकेक आकडा, आणि सगळ्यात वरची आडवी रांग पडताळणीची. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या लोकांनी 2018 मध्ये इतर कंपन्यांच्या नमुन्यांवरही काम केलं. पण माझं नशीब जोरावर होतं, जाळी डॉक्युकलरचीच निघाली.

पिवळा रंग निळा प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे निळ्या उजेडात ठिपके काळे दिसतात. खोलीत अंधार करून पाहिलं, दिसले. पण घडीवर टोनर तडकलेला, आणि लाल लोगोखाली तर काहीच कळेना. शेवटी कव्हर उलगडून कोरा भाग 600 डीपीआयला स्कॅन केला, जिम्प या फोटो सॉफ्टवेअरमध्ये फक्त निळा चॅनल ठेवला आणि कॉन्ट्रास्ट ताणला. जाळी उमटली. वहीत चौकटी आखून एकेक ठिपका उतरवून घेतला. वरच्या रांगेशी पडताळणी जमेना, तेव्हा पान उलटं धरून पाहिलं आणि जमली.

वर्षाच्या रांगेत 09.

शो 2005 चा, कव्हर 2009 चं! पहिला विचार अर्थात मशीनचं घड्याळ चुकलं असेल हाच. पण वीज जाऊन घड्याळ बिघडलं तर ते सहसा मागे जातं, कुठल्यातरी मूळ तारखेवर. चार वर्षं पुढे का उडी मारेल? म्हणजे नक्कलच, असं ठरवून विकणाऱ्याला खरमरीत पत्रही लिहायला घेतलं.

आणि तेवढ्यात त्या शोचं पत्रक आठवलं. तेव्हा प्रत्यक्ष हजर असलेल्या एका मित्राने ते मला कधीच देऊन टाकलं होतं. रंगीत, तोच लाल लोगो. स्कॅन, निळा चॅनल, तीच कसरत. तारीख निघाली 2005 ची, शोच्या काही आठवडे आधीची, म्हणजे घड्याळ बरोबर होतं. आणि मशीनचा क्रमांक? कव्हरवरचाच. अंकन् अंक तोच.

मी खुर्चीतून उठून घरात दोन चकरा मारल्या. मित्राला फोन केला तेव्हा कळलं की बँडचा ड्रमर रात्रपाळीला कॉपीच्या दुकानात असायचा आणि सगळी पत्रकं तिथेच फुकटात निघायची. म्हणजे हा माल बाहेरच्या लबाडाचा नाही. ज्या मशीनवर पत्रक निघालं त्याच मशीनवर चार वर्षांनी, बहुधा उरलेल्या तबकड्यांसाठी, कुणीतरी पुन्हा कव्हरं काढली आणि नंबरही टाकले.

आता याला म्हणायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. शोच्या रात्री मर्च टेबलावर, म्हणजे बँडच्या विक्रीच्या टेबलावर, नव्हती ती रिलीज-शो प्रेस नाही, छापणारा हात ड्रमरचा असला तरी. यादीत मी तिची वेगळी नोंद करणार आहे. विकणाऱ्याशी किमतीचं बोलणं अजून चालू आहे. भावाची कथा त्याने अजून सोडलेली नाही.

एक चांगली बातमीही आहे. फिलाडेल्फियात फर्स्ट युनिटेरियन चर्चच्या तळघरातल्या शोला टूर प्रेस (फक्त दौऱ्यात विकायला काढलेली रेकॉर्ड) मिळाली, एकही कोपरा न दुमडता. बँड सुरू व्हायच्या आधी पैसे द्यायचे, रेकॉर्ड शेवटपर्यंत टेबलामागेच ठेवायला सांगायचं, आणि निघताना दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून घ्यायचं. पिटमध्ये, स्टेजसमोरच्या धक्काबुक्कीत, पिशवी घेऊन उतरणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. घरी आल्यावर तबकडी कव्हरबाहेर काढून दोन्ही पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत. टेबलावर मिळालेली जाड चकचकीत पीव्हीसी पिशवी लगेच फेकली. तिच्यातलं मऊ करणारं रसायन व्हायनलवर धुकं आणतं आणि ते धुऊन जात नाही.

या महिन्यात टेस्ट प्रेसांची (तपासणीसाठी आधी काढलेल्या मोजक्या प्रतींची) यादी लावणार होतो, ते आता मागे पडलं. ज्यांच्याकडे लाल लोगोवाली खात्रीने शोलाच घेतलेली आहे, त्यांनी कव्हरच्या कोऱ्या भागाचा 600 डीपीआय स्कॅन पाठवावा. जेपीईजी नको, त्यात ठिपके पुसले जातात, टिफ पाठवा. तुमचा नंबरही कळवा. माझा चाळिशीतला आहे. 2009 मध्ये आकडे पुढे चालू ठेवले की पुन्हा एकपासून सुरू केले, हे त्यावरून कळेल. पुन्हा एकपासून केले असतील तर तुमच्यापैकी कुणाकडे तरी माझाच नंबर असणार.