ब्रिस्टलमधला आडवा दानशूर

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या बंदरावर एम शेड नावाचं संग्रहालय आहे. बाहेर चार जुन्या क्रेन, आत जायला तिकीट नाही. एरवी पुतळे मान वर करून बघायचे असतात. एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा इथे चक्क उताणा पडलाय. कांशाच्या कोटावर लाल-निळ्या रंगाचे फराटे जसेच्या तसे. ७ जून २०२० रोजी वर्णद्वेषविरोधी आंदोलकांनी दोर लावून तो पाडला, रस्त्याने फरफटत नेला आणि पाण्यात ढकलला. चार दिवसांनी बाहेर काढला, तेव्हा सोबत सायकलचा टायर निघाला. कोटाच्या घोळात तर १८९५ सालचं एक मासिक गुंडाळून ठेवलेलं होतं, त्यावर पुतळा बसवणाऱ्या कामगारांची नावं! मला यातली ही कामगार मंडळीच जास्त आवडली.

कोल्स्टन १६३६चा, इथलाच. कापड, दारू, साखरेचा व्यापार करून गब्बर झाला. १६८०मध्ये गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत शिरला आणि पुढे डेप्युटी गव्हर्नरपदापर्यंत पोचला. तो कंपनीत असतानाच्या काळात सुमारे ८४ हजार आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून जहाजांत कोंबली गेली. त्यातली १९ हजारांच्या आसपास वाटेतच मेली. कंपनीच्या नावाचा डाग छातीवर तापल्या लोखंडाने दिला जाई. १७१०मध्ये हाच गृहस्थ ब्रिस्टलचा खासदार झाला.

आणि तरी दानधर्म खोटा नव्हता, हेही खरं. सेंट मायकेल्स हिलवर त्याने १६९१मध्ये गरिबांसाठी बांधलेली घरं अजून उभी आहेत. चढ चांगलाच दमवतो, पण जाऊन बघावीत. शाळाही काढली, पण अटींसकट. चर्च ऑफ इंग्लंड न मानणाऱ्यांच्या मुलांना तिथे दार बंद. म्हणजे दया होती, पण ती कोणावर करायची हे शेटजी ठरवणार!

शहराच्या मध्यात पुतळ्याचा रिकामा चौथरा आहे. कोल्स्टन हा शहराचा ‘अत्यंत सद्गुणी आणि शहाणा सुपुत्र’ असल्याचा लेख त्यावर कोरलाय. ही उपाधी मिळाली ती पुतळा उभारला तेव्हा, १८९५मध्ये, मरणानंतर १७४ वर्षांनी, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद होऊन साठ वर्षं झाल्यावर. मला कोल्स्टनपेक्षा या १८९५च्या प्रतिष्ठितांचाच राग जास्त आला. त्यांच्यासमोर सगळा हिशेब होता. पुतळा पाण्यात पडला तिथून हाकेच्या अंतरावर पेरो नावाचा पादचारी पूल आहे. पेरो हा नेव्हिस बेटावरून एका साखरमळेवाल्याने इथे आणलेला गुलाम.

आपल्याकडचे लोक इथे येतात ते बहुधा राजा राममोहन रॉय यांच्यासाठी. ते १८३३मध्ये याच शहरात वारले. कॉलेज ग्रीनवर त्यांचा पुतळा आहे, तो मात्र ताठ उभा. अर्नोस व्हेलमधली त्यांची छत्रीवजा समाधी आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिली. ती बांधली द्वारकानाथ टागोरांनी. तेही बडे व्यापारी, दानशूर, आणि अफूच्या धंद्यातही हात असलेले.