फ्रेंची पिल्लू घरी आलंय, आता काय काय बघायचं?

आमच्याकडे फ्रेंच बुलडॉगचं पिल्लू आलंय आणि घरातले सगळे नुसते त्याच्याच मागे आहेत. सुरुवातीला रात्री रडतंच ते, आई आणि भावंडं सुटलेली असतात ना, त्यामुळे ओरडू नका, त्याचं अंथरूण आपल्या पलंगाशेजारी घाला, हात खाली सोडला की बोटं हुंगत हुंगत झोपून जातं.

सगळ्यात जपायचं ते श्वासाला. नाक चपटं, त्यामुळे धापा टाकून अंग थंड करणं याला नीट जमत नाही, म्हणून फिरवायचं सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावरच, आणि गळ्यात पट्टा नको, छातीवरून येणारा हार्नेस घ्या. श्वास घरघरतोय, जीभ जांभळट दिसतेय असं वाटलं तर वाट बघत बसू नका, सावलीत न्या, अंग ओलं करा आणि लगेच व्हेट गाठा.

चेहऱ्याच्या घड्या ओल्या मऊ कापडाने पुसून मग कोरड्या करा, ओल राहिली की तिथे लाल होतं आणि वास यायला लागतो. सोफ्यावरून उड्या नकोत, या जातीला पाठीच्या मणक्याचा त्रास पटकन होतो. खाणं दिवसातून ३-४ वेळा थोडं थोडं. आणि चॉकलेट, द्राक्षं, कांदा अजिबात नाही, कितीही गोड तोंड करून बघत बसलं तरी!