कोपऱ्यात अनंताला जाणारं इंटिग्रल

आज नांदेडला एम.एस्सी.च्या पोरांबरोबर दिवसभर एकच इंटिग्रल चाललं: एकक चौरसावर १/√(क्ष²+य²). शून्याच्या कोपऱ्यात फलन अनंताला जातं, तरी उत्तर मर्यादित आहे: १.७६२७४७. थेट गॉसची पद्धत (ठरावीक बिंदूंवर फलनाची किंमत काढून त्यांची भारित बेरीज घ्यायची) लावली तर दोन्ही दिशांना बिंदू दुप्पट करूनही चूक जेमतेम पावपट होते.

डफी रूपांतर, म्हणजे कोपऱ्यातलं अनंत घालवणारा चलबदल, करून बघा. चौरस कर्णावर कापायचा, खालच्या त्रिकोणात य = क्ष·त धरायचं. जेकोबियन (चल बदलल्यावर क्षेत्रफळाला लागणारा गुणक) क्ष येतो, छेदातला क्ष त्याच्याशीच कटतो. उरतं १/√(१+त²), एकदम गुळगुळीत. आठ बिंदूंत आठ अंक बरोबर! कितीही वेळा केलं तरी हे सुंदरच वाटतं. वरच्या त्रिकोणात क्ष-य ची अदलाबदल, बस.

अनंताचा बिंदू चौरसाच्या आत असेल तर आधी त्याच बिंदूतून चार आयत पाडा, मग कर्ण. आयत फार लांबट असला की एका त्रिकोणात त = ० जवळ टोकदार शिखर येतं; तिथं बिंदू वाढवावेच लागतात. त्रिमितीत घनाचे तीन पिरॅमिड, जेकोबियन क्ष², म्हणून अंतराच्या वर्गाचा छेदसुद्धा पचतो.

कडेवर फलन लॉगसारखं अनंताला जात असेल तर टॅन्ह-सिन्ह, म्हणजे कडेजवळ बिंदू दाट करणारी पद्धत (ताकाहासी-मोरी, १९७४). फक्त कोडमध्ये १−क्ष वजाबाकीनं काढू नका, टोकापासूनचं अंतर वेगळं साठवा. नाहीतर डबल प्रिसिजनमध्ये (संगणकाच्या साधारण सोळा अंकी आकड्यांत) ते शून्य होतं अन् उत्तराच्या जागी इन्फिनिटी छापून येतं.