इंजिनाचा हिरवा रंग

डायनॅमो काढला तेव्हा त्याच्या मागे तळहाताएवढा हिरवा डाग दिसला. बाकी सगळं इंजिन तेल आणि धुळीच्या काळ्या थराखाली गेलेलं. माझ्या मॉरिस मायनर 1000 या जुन्या ब्रिटिश गाडीच्या 948 सीसी इंजिनाचा मूळ रंग मला तिथे सापडला. जुन्या गाड्यांत इंजिनाचा रंग ही ओळख असते. 1966 पासून बरीच वर्षं अमेरिकन फोर्डची इंजिनं निळी असत, शेवरोलेची आठ सिलिंडरची व्ही-8 नारिंगी, तसं हे मॉरिस बनवणाऱ्या बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, हिरवं. दुसरा कुठलाही रंग द्यायचा नाही, हे त्याच क्षणी ठरलं.

इंजिन बाहेर काढून स्टँडवर चढवलेलं होतं. रंगकाम दोन दिवसांचं झालं, साफसफाईला मात्र तीन रविवार गेले. आधी घट्ट थर खरवडला, मग रॉकेल आणि तारेचा ब्रश. रॉकेलने काळं निघतं, पण मागे तेलकट पापुद्रा राहतो, म्हणून नंतर तेलकटपणा काढणारं डीग्रीझर आणि शेवटी थिनरचं फडकं. स्वच्छ झालं का हे बघायला मी पाणी शिंपडलं. पाणी सलग पसरलं तर ठीक, थेंब धरले तर तिथे अजून तेल आहे. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या झाकणाच्या, कडेला थेंब धरतच राहिले. ती जागा चार वेळा धुतली. ओतीव लोखंड उघडं पडलं की ओलाव्याने काही तासांतच तांबूस दिसू लागतं, म्हणून हीट गनने सुकवून त्याच दुपारी प्रायमर मारला.

टेप लावताना घाई केली नाही. प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं भोक, हवा आणि धूर वाहणारा मॅनिफोल्ड बसतो ते पृष्ठभाग, इंजिन नंबरची पट्टी, अर्थिंगची तार जिथे कसली जाते ती जागा, सगळं झाकलं. अर्थिंगच्या जागी रंग बसला तर करंट नीट वाहत नाही आणि स्टार्टर रडतो. प्लगच्या भोकांत जुने प्लग लावून ठेवले.

चूक झाली ती रंगाच्या हातांत. इंजिन इनॅमलचे पातळ हात पंधरा-पंधरा मिनिटांनी द्यायचे असतात. दोन हात झाले आणि मला उठावं लागलं. चार तासांनी परतलो, बोटाला कोरडं लागलं म्हणून तिसरा मारला. डोळ्यांदेखत रॉकर कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावर, रंग आक्रसला, सायीवर पडतात तशा सुरकुत्या. वरून कोरडा दिसणारा रंग आत ओलाच होता आणि नव्या हातातल्या थिनरने तो फुगला. डब्यावर स्पष्ट लिहिलं होतं: पुढचा हात एक तासाच्या आत, नाहीतर सात दिवसांनी. फार वाईट वाटलं. कव्हर पुन्हा लोखंडापर्यंत घासलं आणि या खेपेला तिन्ही हात एका बैठकीत दिले.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डला हे इनॅमल चालत नाही, तिथली उष्णता त्याला झेपत नाही. त्याला वेगळा हीटप्रूफ रंग लागतो आणि तो तापल्यावरच पक्का होतो. इंजिन गाडीत बसवून पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मॅनिफोल्डमधून पांढुरका धूर आणि उग्र वास आला. दहा मिनिटं चालवलं, पूर्ण गार होऊ दिलं, असं तीनदा केलं, प्रत्येक वेळी थोडं जास्त. तिसऱ्यांदा धूर नव्हता.

आठवड्याने बॉनेट उघडलं तर इंजिनाच्या पुढच्या झाकणाच्या, टायमिंग कव्हरच्या, खालच्या कडेला, त्या कोऱ्या हिरव्यावर, तेलाचा एक थेंब चमकत होता. काळ्या थरात तो कधी दिसलाच नसता. नवीन सील मागवलं आहे.