चिंगूळ, पाववाला आणि रामदास बोट

मानसशास्त्र मी घेतलं ते एसटीमुळे. बारावीनंतर रत्नागिरीच्या कॉलेजात एफवायबीएला विषय निवडायचे होते. भूगोलाचा तास सकाळी पहिला, म्हणजे काळोखात उठून पहिली गाडी धरायची. अर्थशास्त्राचा शेवटचा, म्हणजे दुपारची गाडी चुकणार आणि पुढची थेट साडेचारला. गणपतीपुळ्याच्या अलीकडे आमचं गाव, तिथे दिवसाला मोजून चार गाड्या. त्या चार गाड्यांच्या फटीत जो विषय अलगद बसला तो मानसशास्त्र. पुढे एका मुलाखतीत 'माणसाच्या मनाबद्दल मला पहिल्यापासून कुतूहल होतं' असं मी सांगितलं, ते साफ खोटं.

रत्नागिरीत हा विषय घेणं म्हणजे आयतं गिऱ्हाईक होणं. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : ठाणे, येरवडा, नागपूर आणि आमची रत्नागिरी. इतर ठिकाणी कुणी विचित्र वागलं तर लोक ठाण्याचं किंवा येरवड्याचं नाव घेतात, आमच्याकडे 'ह्येला रत्नांग्रीस न्या' म्हणतात. मी तर रोज स्वतःहून पास काढून रत्नागिरीला जात होते. विषयाचं नाव ऐकून आजी म्हणाली, "म्हंजे गो बाय, तू तपासणार, का तुलाच तपासणार?" हा विनोद आळीला वर्षभर पुरला. वर्गातही चालायचा. एकदा मॅडमनी अजिबात न रागावता विचारलं, "डायबेटीसच्या दवाखान्यावरून करता का रे असे विनोद?" त्यानंतर निदान माझ्याकडून तरी तो बंद झाला.

दुसरा त्रास मन ओळखण्याचा. गाडीत शेजारी बसलेली बाई, लग्नात भेटलेला मामा, सगळ्यांचा एकच प्रश्न : "माझ्या मनात आता काय चाललंय सांग बघू." मामाच्या मनात काय चाललंय हे सांगायला शास्त्र कशाला, पंगत उठायची वाट बघत होता तो. खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं की दोन-तीन महिन्यांत काहीतरी असं शिकवतील. शिकवलं काय, तर १८७९ साली जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंटने पहिली मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. हे दुसरं साल मी अजून विसरले नाही, कारण त्याच वर्षी इकडे रत्नागिरीत ब्रह्मदेशचा थिबा राजा वारला. कलकत्त्याचा विभाग आणि आमचा थिबा यांचा काडीचा संबंध नाही, पण माझ्या डोक्यात दोघे एकाच खुंटीला टांगलेले आहेत.

जुलैत धड्यात पाव्हलॉव्ह नावाचा रशियन शास्त्रज्ञ आला आणि माझी या विषयाशी खरी ओळख झाली. हा माणूस मुळात मानसशास्त्राचा नव्हेच. तो पचनाचा अभ्यास करायचा, १९०४ चं नोबेलही त्याला त्याच कामासाठी मिळालं. कुत्र्यांची लाळ मोजता मोजता त्याच्या लक्षात आलं, की अन्न तोंडात पडायच्या आधीच, अन्न आणणाऱ्याच्या नुसत्या चाहुलीने लाळ सुटते. अन्नाआधी दर वेळी घंटा वाजवली, तर पुढे नुसत्या घंटेनेही सुटते. याला मराठी पुस्तकात 'अभिजात अभिसंधान' म्हणतात. हा शब्द परीक्षेत नीट लिहिल्याबद्दल वेगळा एक मार्क असायला हवा होता.

मॅडम फळ्यावर कुत्रा काढत होत्या आणि मला दिसत होती आमची चिंगूळ. चिंगूळ म्हणजे मांजर. तिला आम्ही आणलं तेव्हा ती चिंगळाएवढी, म्हणजे बारक्या कोळंबीएवढीच होती, म्हणून हे नाव. आमच्याकडे मासेवाले चाचा मोपेडवरून येतात, मागे बर्फाची थर्माकोलची पेटी आणि हँडलला रबरी भोंगा. पों-पों झालं की चिंगूळ जिथे असेल तिथून धावत पायरीवर हजर. पाववाल्याच्या सायकललाही तसलाच भोंगा. लहान असताना ती त्यालाही धावायची, आणि पाव हुंगून, आपल्याला कुणी फसवलं अशा चेहऱ्याने परत जायची. दोन-तीन महिन्यांत तिला फरक कळला. पाववाल्याचा भोंगा जरा घोगरा होता म्हणून, की त्यामागे मोपेडची फटफट नव्हती म्हणून, ते तिलाच ठाऊक. पुस्तकात या दोन गोष्टींसाठी सामान्यीकरण आणि भेदबोधन अशी दोन पानं होती. चिंगुळीने ती आधीच वाचून टाकली होती.

पण खरी मजा त्याच पावसाळ्यात झाली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. जूनभर चाचा फिरकलेच नाहीत. जुलैत आले ते भाजी घेऊन. तीच मोपेड, तोच भोंगा, पेटीच्या जागी वांगी आणि भेंडीची क्रेट. वर्गात नेमकं विलोपन चालू होतं : घंटा वाजत राहिली आणि अन्न मिळालंच नाही, तर लाळ हळूहळू थांबते. मी वहीच्या शेवटच्या पानावर रेघा मारायला घेतल्या. पहिल्या दिवशी चिंगूळ धावत आली, भेंडीचा वास घेतला आणि चाचांकडे अशी काही बघितली की त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. चौथ्या दिवशी आली ती चालत. सातव्या दिवशी नुसता कान हलवला. नवव्या दिवशी कानही नाही. मग पाऊस असा लागला की आठवडाभर चाचाच आले नाहीत, आणि त्यानंतरच्या पहिल्याच भोंग्याला ही पुन्हा पायरीवर! मी ओरडलेच. पुस्तकात छापलेलं होतं ते : मध्ये खंड पडला की विझलेली सवय आपसूक डोकं वर काढते. आयुष्यात पुस्तकातलं काही समोर जसंच्या तसं घडताना मी पहिल्यांदा बघत होते, आणि ते बघायला शेजारी फक्त भेंडी निवडणारी आई होती. ती म्हणाली, "तिला काय, आशा असते."

वहीत न लिहिलेली एक नोंद इथे करते. भोंगा वाजला की आजी फळीवरून कोकमाचा डबा खाली काढते. भाजीच्या दिवसांतही काढायची. चिंगूळ नवव्या दिवशी थांबली, आजी जुलै संपेपर्यंत थांबली नाही. आणि ऑगस्टात चाचा खरेच बांगडे घेऊन आले, तेव्हा घरात श्रावण पाळायला सुरुवात झालेली. पेटी उघडली, वास सुटला, डबा खाली आला आणि आजीने तो न उघडताच वर ठेवून दिला. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना निदान श्रावण नव्हता.

दुसऱ्या सत्रात स्मृती. एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि आपण त्या किती वेळात किती विसरतो ते मोजलं. अर्थ नसलेली अक्षरं एवढ्यासाठी, की जुन्या ओळखीची मदत होऊ नये. मॅडम म्हणाल्या, घरी कुणावर तरी करून बघा. मी आजीला यादी वाचून दाखवली : कुप, लोझ, मेग, टाख. "कुप म्हंजे कुंपण," आजी म्हणाली. "मेग पावसाचा. टाख म्हंजे टाकलान काहीतरी." आणि लोझ? "ती कोन मडम असंल." कुंपणावरून मडमेने पावसात काहीतरी टाकलं, अशी गोष्ट तयार झाली आणि आजी यादी दुसऱ्या दिवशीही घडाघडा म्हणू लागली. प्रयोग फसला. निरर्थक म्हणून तिला काही द्यायची सोयच नव्हती.

याच धड्यात एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९७४ चा प्रयोग होता. विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, 'लागल्या' तेव्हा किती? आदळल्या म्हटलेल्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच फिल्ममध्ये नव्हतीच. तरी 'आदळल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना ती दिसली होती, 'लागल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना.

त्या दिवशी गाडीत मी खिडकीशी बसून रामदास बोटीचा विचार करत आले. १७ जुलै १९४७ ला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली रामदास अलिबागजवळच्या रेवसला पोचायच्या आधी बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. आमच्या आळीतल्या तीन घरांतल्या आजोबांची ती बोट थोडक्यात चुकली. आमचेही आजोबा त्यांतले. धक्क्यावर पोचले, छत्री खानावळीत राहिली म्हणून मागे फिरले, परत येतात तो बोट सुटलेली. ही गोष्ट आमच्या घरात गणपतीच्या आरतीइतकी पाठ आहे.

फक्त रामदास जात होती रेवसला. आजोबांना यायचं होतं रत्नागिरीला. आणि कोकण किनाऱ्याच्या बोटी तर पावसाळ्यात बंदच असायच्या. मग ऐन जुलैत आजोबा रामदासवर चढून करणार काय होते?

रात्री जेवताना मी हे आजीला विचारलं. लॉफ्टसबाईंसारखं, शब्द जपून. आजी म्हणाली, "रेवसला उतरून चालत येणार असतील." रेवसपासून आमचं गाव किती लांब, ते मी बोलले नाही. म्हटलं, "पण मला नीट आठवतंय आजी, ते पडवीत झोपाळ्यावर बसून सांगायचे, छत्रीचं आलं की थांबायचे."

बाबांनी ताटातून मान वर केली. "अगो, दादा गेले तेव्हा तू दीड वर्षाची होतीस."

मी गप्प. मला झोपाळ्याच्या कड्यांचा आवाजसुद्धा आठवत होता.

आजीला काहीच वाटलं नाही. तिने मला भात वाढला आणि विचारलं, "छत्री कसली होती सांग."

"काळी. वेताच्या मुठीची."

"बगा," आजी बाबांना म्हणाली.